अर्धा टक्का गेला कुठे? डीबगर लावायला शिकले त्याची गोष्ट



आजचा लेख थोडा वेगळा आहे. पाठ, कृती, शैक्षणिक साहित्य असं यात काही नाही. वर्गाच्या कामासाठी स्वतः छोटे छोटे प्रोग्राम लिहायला ज्यांनी सुरुवात केली आहे, किंवा तसं मनात आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचा, कारण शेवटी शेवटी यात एक मुलगा येतो.

मागच्या वर्षीचा १ मे. झेंडावंदन झालं, निकाल वाटून झाला, खाऊ संपला. आमची शाळा दोनशिक्षकी, जुन्नरहून नाणेघाटाकडे जाणाऱ्या वाटेला. मी सतरंजी गोळा करत होते. चौथीतल्या एका मुलीची आई पायरीवरच थांबलेली. हातातला निकालाचा कागद पुढे करून तिनं एका चौकटीवर बोट ठेवलं.

"बाई, हे इ-दोन म्हंजी काय वं?"

मी कागद पाहिला आणि मला काही सुचेना. ही मुलगी वर्गातली पहिली-दुसरी. सरासरी श्रेणीच्या चौकटीत इ-२, म्हणजे आपल्या श्रेणी तक्त्यातली सगळ्यात खालची, २० टक्के आणि त्याखालची. मी म्हटलं, "अहो, काहीतरी चुकलंय." त्यावर ती माऊली म्हणाली, "संगणकानं काढलंय म्हंजी बरूबरच आसंल. पर पोरगी बोलंना झालीया."

संगणकानं काढलंय म्हणजे बरोबरच असेल! तो "संगणक" म्हणजे मी होते. प्रोग्राम मी लिहिलेला होता.

तिथेच पायरीवर बसून बेरीज केली. आठ विषय, ८०० पैकी ६४४. म्हणजे ८०.५ टक्के. निळ्या पेनानं इ-२ खोडून अ-२ लिहिलं, सही केली. मुलगी हसली, आई गेली. मी मात्र त्या सतरंजीवर बसून राहिले. चूक पेनानं दुरुस्त झाली होती, प्रोग्राममध्ये ती तशीच होती.

थोडं मागचं सांगते. डी.एड. केलं तेव्हा संगणक म्हणजे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र, एवढीच ओळख. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा व्हिडिओ बघून पायथन शिकायला लागले. हळूहळू निकालाचा एक प्रोग्राम तयार झाला. एक्सेलमधून काढलेली गुणांची सीएसव्ही फाईल तो वाचतो, बेरीज करतो, टक्केवारी काढतो, ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१ अशा श्रेणी लावतो आणि प्रत्येक मुलाचं पान तयार करतो. फाईलवर दोनदा क्लिक केलं की काळी खिडकी उघडते, "इयत्ता कोणती?" असं विचारते, आकडा टाकला की झालं. दोन दिवसांचं काम पाच मिनिटांत. मला त्याचा भारी अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आता चूक शोधायची कशी? आपल्यातले बहुतेक जण करतात तेच मी केलं. ठिकठिकाणी प्रिंटच्या ओळी घातल्या. "इथे आले", "इथे पण आले", "टक्के =". थोड्या वेळानं पडद्यावर एवढा मजकूर झाला की कोणती ओळ कुठली तेच कळेना. वहीत विद्यार्थ्यानं गिचमिड करून उत्तर लिहिलं की आपण काय म्हणतो? "पायऱ्या मांड." मी स्वतः पायऱ्या मांडत नव्हते.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर माझ्याकडे होता. मोफत मिळतो, तुम्हीही पाहिला असेल. त्यात डाव्या पट्टीवर एक त्रिकोण आणि त्याला चिकटलेला किडा असं चिन्ह असतं. मी कित्येक महिने तिकडे बघितलंही नव्हतं. तो डीबगर. (किड्याची गोष्ट मुलांना सांगा, आवडते. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क-२ या खोलीभर पसरलेल्या संगणकात खरोखरचा एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत त्याआधीचीच, पण कागदावर चिकटवलेला पुरावा हाच. आमच्याकडे पावसाळ्यात ट्यूबलाईटखाली जे काही जमतं ते पाहता मुलांना यात काहीच नवल वाटलं नाही.)

तर डीबगर म्हणजे काय? प्रोग्राम नेहमी धावत सुटतो आणि शेवटी फक्त उत्तर हातात देतो. डीबगर त्याला आपण सांगू त्या ओळीवर थांबवतो. थांबल्यावर आत कोणत्या नावाखाली कोणता आकडा आहे ते बाजूला दाखवतो, आणि आपण म्हणू तेव्हाच एक ओळ पुढे जाऊ देतो. हातच्याची वजाबाकी चुकणाऱ्या मुलाशेजारी बसून आपण जे करतो तेच. "थांब. इथं दशकातून एक घेतलास ना? मग दशकात किती उरले?"

पण तो सुरू होण्याआधी त्याला माहिती द्यावी लागते. कोणता प्रोग्राम, कुठे उभा राहून, काय हातात घेऊन सुरू करायचा. ही माहिती एका फाईलमध्ये लिहिलेली असते, तिचं नाव लाँच डॉट जेसन. एडिटर ती आपल्या फोल्डरमध्ये व्हीएसकोड नावाचा आणखी एक छोटा फोल्डर करून त्यात ठेवतो. त्या किड्याच्या चिन्हावर गेलात की ही फाईल तयार करा असा दुवा दिसतो. त्याआधी एडिटरमध्ये पायथनचं एक्स्टेंशन घालून घ्या.

खोडदची दुर्बीण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आपल्याच तालुक्यात, नारायणगावजवळ. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही जवळजवळ, काही तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. आमच्या एका पोरानं विचारलं होतं, "बाई, ह्याला कळतं कसं कुठं बघायचं?" आकाशात कुठे रोखायचं, कोणती वारंवारता ऐकायची, किती वेळ, हे आधीच ठरवून द्यावं लागतं, तेव्हा कुठे त्या सगळ्या मिळून एका जागी बघतात. लाँच डॉट जेसन मला समजली ती त्या प्रश्नावरून. सुरू करण्याआधीच्या सूचना, कायमच्या लिहून ठेवलेल्या.

फाईल तयार केली, तर आत कंसांत बसवलेल्या पाच-सहा ओळी. 'टाईप' म्हणजे कोणत्या भाषेचा डीबगर. पायथनसाठी तिथे 'डीबगपाय' असतं. जुन्या व्हिडिओंत नुसतं 'पायथन' दिसेल, ते आता मागे पडलं. 'नेम' म्हणजे आपण देऊ ते नाव, मराठीतही चालतं. 'रिक्वेस्ट'ला दोनच उत्तरं, लाँच किंवा अटॅच. लाँच म्हणजे प्रोग्राम आपण सुरू करायचा. अटॅच म्हणजे आधीच चालू असलेल्या प्रोग्रामला मधेच जाऊन चिकटायचं, केंद्रप्रमुख पाठ चालू असताना मागच्या बाकावर येऊन बसतात तसं. आपल्या कामाला लाँच पुरे.

आता माझ्या तीन संध्याकाळी कशात गेल्या ते सांगते, तुमच्या वाचतील.

पहिल्या दिवशी एफ५ दाबलं. काहीच नाही, पडद्याचा उजेड कमीजास्त झाला फक्त. माझ्या लॅपटॉपवर एफएन बटणासह दाबावं लागतं हे कळायला अर्धा तास. मग सुरू झालं आणि लगेच लाल अक्षरांत तक्रार, पहिल्याच ओळीत व्याकरणाची चूक. पण पहिली ओळ तर बरोबर होती! बऱ्याच वेळानं लक्षात आलं की 'प्रोग्राम' या ओळीत आयती आलेली किंमत होती 'फाईल', म्हणजे आत्ता समोर उघडी असेल ती फाईल. माझ्यासमोर गुणांची सीएसव्ही उघडी होती. बिचारा डीबगर मुलांच्या नावांना पायथन समजून वाचत होता. तिथे 'वर्कस्पेस-फोल्डर' आणि पुढे निकालाच्या प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहिला, मग समोर काहीही उघडं असलं तरी सुरू होतो तो निकालच.

दुसऱ्या दिवशी: फाईल सापडत नाही. गुणांची फाईल तर प्रोग्रामच्या शेजारीच होती. दोनदा क्लिक करून चालवला की सापडते, एडिटरमधून चालवला की सापडत नाही. हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण हा गोंधळ सगळ्यांचा होतो. प्रोग्राम फाईल शोधतो ती तो स्वतः कुठे ठेवलाय तिथे नाही, तर तो कुठे उभा राहून सुरू झाला तिथे. दोनदा क्लिक केलं की तो स्वतःच्या फोल्डरमध्ये उभा असतो. मी एडिटरमध्ये आख्खा 'शाळा' फोल्डर उघडला होता, ज्यात निकाल, हजेरी, पोषण आहार असे वेगवेगळे फोल्डर. त्यामुळे एडिटरनं त्याला 'शाळा'च्या दारात उभं केलं आणि तिथे गुणांची फाईल नव्हती. यासाठी एक ओळ वाढवायची, 'सीडब्ल्यूडी', आणि तिथे निकालच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. एवढंच. मुलाला कार्यालयातून खडू आण म्हणावं आणि तो शेजारच्या अंगणवाडीत शोधत बसावा, तसला प्रकार.

तिसऱ्या दिवशी प्रोग्राम "इयत्ता कोणती?" विचारून थांबला आणि मला उत्तर टाईपच करता येईना. मी कुठून तरी उचललेल्या नमुन्यात 'कन्सोल'समोर 'इंटर्नल कन्सोल' लिहिलेलं होतं. तिथे प्रोग्रामनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सोय चालत नाही. 'इंटिग्रेटेड टर्मिनल' केलं की प्रश्न सुटतो. पण दर वेळी चार टाईप करायचा कंटाळा आला म्हणून मी प्रोग्रामच बदलला. इयत्ता सुरू करतानाच हातात दिलेली असेल तर विचारू नकोस. अशी हातात द्यायची गोष्ट 'आर्ग्ज' या ओळीत चौकटी कंसात लिहितात. लक्षात ठेवा, तिथून गेलेला ४ हा प्रोग्रामच्या दृष्टीनं आकडा नसतो, अक्षर असतं. त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. गंमत म्हणजे पायथनला तिथे आपला देवनागरी ४ दिला तरी तो मुकाट्यानं चार समजतो. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी यज्ञातल्या दानाचे आकडे ब्राह्मीत कोरून ठेवलेत, त्या वाटेवरच्या शाळेत बसून हे पाहताना मला उगाच बरं वाटलं.

एक सावधगिरी. या फाईलमधली सेटिंग फक्त एडिटरमधून चालवताना लागू होते. मराठी नावांच्या जागी कचरा दिसत होता म्हणून मी 'एन्व्ह' या ओळीत यूटीएफ-८ चालू केलं, माझ्याकडे नावं छान दिसायला लागली. आमच्या सरांनी त्यांच्या लॅपटॉपवर दोनदा क्लिक केलं तर पुन्हा तोच कचरा. प्रोग्रामची दुरुस्ती प्रोग्राममध्येच करा, मांडणीत लपवू नका.

चौथ्या संध्याकाळी डीबगर एकदाचा नीट लागला. श्रेणी काढणाऱ्या फंक्शनला जिथून हाक मारली जाते त्या ओळीच्या क्रमांकाच्या डावीकडे क्लिक केलं, लाल ठिपका आला. हा थांब्याचा ठिपका. त्यावर उजवं क्लिक करून अट घालता येते, म्हणजे प्रत्येक मुलापाशी न थांबता आपल्याला हवं त्याच मुलापाशी थांबतो. मी हजेरी क्रमांक ७ अशी अट घातली आणि एफ५ दाबलं.

थांबला. ओळीवर पिवळी पट्टी. डावीकडे तिचं नाव, बेरीज ६४४, टक्के ८०.५. इथपर्यंत सगळं बरोबर. एफ११ दाबलं, पट्टी फंक्शनच्या आत शिरली. ९१ ते १०० मध्ये आहे का? नाही, पुढे. ८१ ते ९० मध्ये? नाही. बरोबर आहे, ८०.५ म्हणजे ८१ पेक्षा कमी. ७१ ते ८० मध्ये? नाही! ८० पेक्षा जास्त. मग ७० ची ओळ, ६० ची ओळ, पट्टी एकेक पायरी खाली उतरत होती आणि मला पुढचं दिसायला लागलं होतं. शेवटी "यातलं काहीच नसेल तर इ-२" या ओळीवर येऊन उभी राहिली.

८० आणि ८१ च्या मधे मी फट ठेवली होती. शासनाचा तक्ता पूर्णांकात आहे, मी तो जसाच्या तसा उतरवला, आणि सरासरी अपूर्णांकात येते याचा विचारच केला नाही. प्रोग्राम तपासला होता तो पाच खोट्या मुलांवर, सगळ्यांचे टक्के गोळाबेरीज, ९५, ८५, ७५.

दुरुस्ती सोपी वाटली, आधी पूर्णांक करून घ्यायचा. पायथनमध्ये त्यासाठी राऊंड आहे. प्रोग्राम थांबलेलाच होता. खाली डीबग कन्सोल नावाची जागा असते, थांबलेल्या अवस्थेत तिथे काहीही विचारून बघता येतं. ८०.५ चा राऊंड विचारला तर उत्तर ८०. मला वाटलं माझंच काही चुकलं. ८१.५ विचारला तर ८२! पायथन बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो. त्याचा तो नियमच आहे. आपण चौथीला शिकवतो तो नियम असा नाही, आपण अर्धा किंवा जास्त असेल तर पुढे नेतो. मग टक्क्यांत ०.५ मिळवून पूर्णांक भाग घेतला. ८१. अ-२. सरांना दाखवलं, त्यांनी दोन-चार गुणांवर हातानं पडताळून पाहिलं.

इथे लेख संपायला हवा होता. पण मांडणी लावलेली होती, आर्ग्जमध्ये फाईलचं नाव बदललं की झालं, म्हणून सहज प्रथम सत्राची गुणांची फाईल लावली. म्हटलं, त्या वेळी कुणी फटीत पडलं होतं का बघू.

एक जण होता. ८०० पैकी ४०२. ५०.२५ टक्के. ५० आणि ५१ च्या मधली फट. त्याला क-२ मिळायला हवी होती, मिळाली होती इ-२. त्या कागदावर ऑक्टोबरमध्ये मी सही केली होती. शेऱ्याच्या जागी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "अभ्यासाकडे लक्ष देणे आवश्यक."

मी तो कागद पाहिला होता, बरं का. हातात घेऊन शेरा लिहिला होता. मुलीच्या कागदावरची इ-२ मला पायरीवरच खटकली, कारण ती हुशार आहे हे मला माहीत होतं. याच्या कागदावरची इ-२ मला खटकलीच नाही. वाचन अडखळत, गृहपाठ अर्धा, सोमवारी गैरहजर. इ-२ मला पटली. त्याच्या घरून कुणी विचारायलाही आलं नाही, आणि दिवाळीनंतर आईवडील द्राक्षबागांच्या कामाला नारायणगावकडे गेले. दाखला मीच लिहून दिला. तो कागद पुढच्या शाळेत त्याच्याबरोबर गेला.

पुढच्या शाळेला फोन केला. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "शांत असतो, मागे बसतो." मी नवीन पान छापलं आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गाडी काढून स्वतः गेले. तो व्हरांड्यात होता. मला बघून आधी दाराआड झाला, मग आला. मी कागद दिला, समजावून सांगितलं की मागच्या वेळी श्रेणी चुकीची छापली गेली, ही तुझी खरी. त्यानं दोन्ही कागद शेजारी धरले. बराच वेळ बघत होता.

"बाई, मंग आधीचं कुणाचं व्हतं?"

मी म्हटलं, "कुणाचंच नव्हतं रे. माझी चूक होती."

"आन् त्याच्यावर लिहिलेलं?"

शेरा. मी पेन काढून त्याच्यासमोर तो खोडला. नवीन लिहायला लगेच काही सुचेना, तेव्हा त्यालाच विचारलं, तुला काय येतं सगळ्यात चांगलं? तो म्हणाला, बेरजा. त्याचे गणिताचे गुण पाहिले तर ६७ होते. आठ विषयांतले सगळ्यात जास्त. हेही मी कधी पाहिलं नव्हतं. तेच लिहिलं.

आता माझ्या लाँच डॉट जेसनमध्ये तीन मांडण्या आहेत. एकाच फाईलमध्ये कितीही ठेवता येतात, स्वल्पविरामानं वेगळ्या करायच्या, वरच्या यादीतून हवी ती निवडायची. पहिलीचं नाव 'निकाल चौथी'. दुसरी 'निकाल सर्व इयत्ता'. तिसरीचं नाव 'फट'. ती खऱ्या मुलांची फाईल उघडतच नाही, मी मुद्दाम केलेली एक वेगळी फाईल उघडते, जिच्यात प्रत्येक श्रेणीच्या काठावरचे गुण आहेत. ९०.१२५, ८०.५, ७०.८७५ असे. छापण्याआधी दर सत्राला ती एकदा चालवते, एफ१० दाबत, एकेक ओळ. त्या फाईलमधली पहिली ओळ ४०२ ची आहे.

ज्यांना ही मांडणी हवी असेल त्यांनी कळवा, पाठवते. फोल्डरचे पत्ते मात्र तुमचे तुम्ही बदलून घ्या.